परशुरामाची पाठ

मुर्धा गावच्या परशुराम पाटलाने आयुष्यभर मिठागरात मीठ ओढलं आणि सत्तरीत तो सिनेमात आला. मला सिनेमातलं फारसं कळत नाही, पण त्या तीन तासांत गोष्टच नव्हती. एक कुटुंब जेवायचं, भांडायचं, पुन्हा जेवायचं, आणि आपण म्हणे हसायचं. परशुरामाने थिएटरात आणलेले भाऊबंद मध्यंतरानंतर एकेक करून उठले.

"काका, तुमचा सीन येईपर्यंत माझा पोरगा दहावी होईल," म्हणत पुतण्या धर्मेश गेला. परशुरामाची बायको, आमच्या रंभावहिनी, त्याही गेल्या. लोकांचे गुडघे ओलांडायची लाज वाटते म्हणून मी बसून राहिलो.

अखेर मिठागर दिसलं. लांब दांड्याचं फावडं ओढत परशुराम मागे मागे चालत आला. दिसली ती फक्त पाठ.

"डायरेक्टर बोलला, इकडं बघून ढकला," तो कुजबुजला. "मीठ कोन ढकलतो? मीठ वढतात."

बाहेर सगळे थांबले होते. "आला का?" धर्मेशने विचारलं.

"आला. पाठमोरा," मी म्हणालो. सगळे हसले.

"पाठ तर पाठ," वहिनी म्हणाल्या. "मी वळखली असती."

त्या भिकार सिनेमाला दुसऱ्या दिवशी परत गेलेली तेवढी एकच बाई असावी.