टेक्निकल मेंबरची सही

"तीन तरी पाहिजेत," असं म्हणताना काका उजव्या हाताची तीन बोटं वर करायचे. नुसतं तोंडाने सांगून भागलं असतं, पण बोटं दाखवल्याशिवाय त्यांना ते अधिकृत वाटत नसावं.

तीन म्हणजे तीन कोटेशनं. दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत काका माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे नागपूरचे, एका सरकारी कार्यालयाच्या खरेदी विभागात सगळी नोकरी काढून निवृत्त झालेले. तिथे टाचण्यांचा डबा घ्यायचा तरी फाइल व्हायची. पहिल्या ओळीत 'गरज' लिहायची, म्हणजे कुणाला हवंय आणि कशासाठी. मग तीन दुकानांची कोटेशनं, मग त्यांचा तुलनात्मक तक्ता, मग समितीच्या सह्या. नोकरी संपली आणि हा सगळा नियम घरी आला. काका कोथिंबीरसुद्धा तीन ठेले फिरून घेत. असा माणूस तुमच्याही इमारतीत असेल. लिफ्टमध्ये भेटला की आपण उगाच मोबाईल कानाला लावतो. मीही लावलेला आहे.

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य, "लिहून द्या." एकदा प्लंबर नळाचा वॉशर बदलून म्हणाला, "अंकल, अब नहीं टपकेगा." काका म्हणाले, "लिखके दो." त्याने हसत हसत कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलं. महिन्याभराने नळ पुन्हा ठिबकायला लागला तेव्हा काकांनी तो कागद पुढे केला, आणि प्लंबरने निमूटपणे फुकट काम केलं. लेखी असलं की काकांना झोप लागायची.

काकू मात्र त्यांना पुरून उरायच्या. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "मला बघायला आलात तेव्हा कुठे गेली होती तुमची तीन कोटेशनं?"

"ते सिंगल टेंडर," काका शांतपणे म्हणाले. "अपवाद म्हणून चालतं. कारण नोंदवावं लागतं."

"काय नोंदवलं मग?"

"दुसरा पुरवठादार उपलब्ध नाही."

काकू इतक्या हसल्या की हातातला चहा बशीत सांडला. त्यांचं हसणं आणि बोलणं दोन्ही भरदार. सकाळी त्या बुद्धमूर्तीपुढे वंदना म्हणायच्या ती माझ्या गॅलरीत ऐकू यायची, आणि मी घड्याळ न बघता आंघोळीला उठायचो. रविवारी सोसायटीतल्या सात-आठ मराठी मुलांना त्या घरी बसवून मराठी शिकवत. दिल्लीत वाढलेली आमची पोरं. त्यांना उंबरठा माहीत नाही, फडताळ माहीत नाही. माझी मुलगी अडलं की 'वो वाला' म्हणून मोकळी व्हायची. काकूंकडून ती शब्द घेऊन यायची आणि जेवताना मोठ्या तोऱ्यात आमच्यावर टाकायची. मुलीला आणायला गेलं की काकू आतूनच विचारायच्या, "चहा मांडू का?" चहा 'मांडणं' हे नागपूरचं. आमच्या घरात आता तोच शब्द आहे.

पुढचं सांगण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवतो. मला ती वेळेवर कुणी सांगितली नाही. काकूंचा आवाज जाणार होता. मज्जातंतूंचा आजार होता. आधी जीभ जड होणार, मग हात. डॉक्टरांनी फेब्रुवारीतच काकांना स्पष्ट सांगितलं होतं. बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, आवाज चांगला आहे तोवर रोजची दोन-तीनशे वाक्यं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढे बोलता आलं नाही तर बटण दाबून ती त्यांच्याच आवाजात ऐकवता येतील. म्हणजे घरात एक कॉम्प्युटर हवा होता, आणि लवकर हवा होता.

काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "घरासाठी एक कॉम्प्युटर घ्यायचा आहे."

मी गुडगावच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम करतो. त्यामुळे काकांनी मला परस्पर समितीचा टेक्निकल मेंबर करून टाकलं.

"कोण वापरणार, काका?"

"घरातलेच."

"कशासाठी?"

"जनरल पर्पज."

मग मी भाषण दिलं. डेस्कटॉप दणकट, दुरुस्तीला सोपा, पण एका कोपऱ्यात बसतो आणि लाइट गेली की गेला. लॅपटॉप घरभर फिरतो, पण बिघडला की डोकेदुखी. टॅबलेट हलका, बोटाने चालतो, पण त्यावर खरं काम होत नाही. हे शेवटचं मी जरा तुच्छतेनेच म्हणालो. काका वहीत लिहून घेत होते. 'खरं काम होत नाही' हेही त्यांनी लिहिलं.

एका शनिवारी आम्ही दोघं मेट्रोने नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. ब्लू लाइनवर काका सगळा वेळ वही उघडून बसले होते. बाजारात ते प्रत्येक दुकानात मशीनपुढे उभे राहत, डावा हात पाठीमागे घेत आणि उजव्या हाताच्या एका बोटाने कळा दाबून बघत. एका दुकानदाराला त्यांनी विचारलं, "एक हाथ से चलेगा?"

"क्यों अंकल, दूसरे हाथ में चाय पकड़नी है?"

दुकानदार हसला, मी हसलो, काकाही हसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं नाही.

आठवड्याभरात तक्ता तयार झाला. पट्टीने आखलेला, चार पानी. रॅम, वॉरंटी वगैरे रकाने ठीक होते. पण पुढे होतं, 'पलंगावर वापरता येतो का.' 'एका बोटाने चालतो का.' 'मराठी वाक्य स्पष्ट ऐकू येते का.' मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणालो, "काका, कॉम्प्युटर घेताय की सून बघताय?"

"असू द्यात रकाने," ते म्हणाले. "आता टेक्निकल मेंबरचा अभिप्राय."

मला ऑफिसची बस गाठायची होती. मी उभ्या उभ्याच लिहिलं, 'नवीन मॉडेल दिवाळीच्या सुमारास अपेक्षित असल्याने तोपर्यंत थांबणे इष्ट.' खाली झोकदार सही ठोकली. काकांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे थांबलं तर चालेल?"

"बिल्कुल. घाई कसली आहे?"

"नाही," ते म्हणाले. "घाई कसली."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला होता, एवढं मला आठवतं. मला वाटलं, खर्च टळला म्हणून. तो एप्रिल महिना होता.

जूनमध्ये त्यांच्या पुण्याच्या मुलीने न विचारता एक टॅबलेट मागवून पाठवला. काका मला गेटवर भेटले ते तोच खोका कुरिअरवाल्याच्या हातात परत देताना. "एकच कोटेशन," ते म्हणाले. "शिवाय तुमचा अभिप्राय आहे थांबायचा." मी म्हणालो, "बरोबर केलंत." हो, हेही मी म्हणालो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रविवारचा वर्ग बंद झाला तो पुन्हा सुरू झाला नाही. वंदना ऐकू येईनाशी झाली तेव्हा मी समजलो, वर एसी लावून दारं बंद करत असतील. माझी मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, आजी आता वेगळ्या बोलतात. जैसे मुँह में कुछ है." मी म्हणालो, कवळी बसवली असेल. हुशार माणसांना प्रत्येक गोष्टीचं कारण लगेच सापडतं.

ऑगस्टमध्ये काकांची मुलगी दिल्लीत आली. जिन्यात मला थांबवून म्हणाली, "दादा, तुम्ही बाबांना थांबायला का सांगितलंत?" मला काही कळेना. मग तिने सगळं सांगितलं. मी ते ऐकलं, आणि तसाच खाली जाऊन ऑफिसचा लॅपटॉप आणि माइक घेऊन वर पळालो.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. मी माइक लावू लागलो तर त्यांनी हात आडवा केला. एकेक शब्द ओढत, जड जिभेने त्या बोलल्या. दोनदा विचारल्यावर मला कळलं. त्या म्हणत होत्या, "हा माझा आवाज नाही. हा नका ठेवू."

काका फाइल छातीशी धरून दारात उभे होते. त्यांच्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दिवाळीत नवीन मॉडेल आलं. जुन्यात आणि त्यात फरक रंगाचा होता. काका दुसऱ्या दिवशी सकाळी गेले आणि पहिल्या दुकानात जो टॅबलेट दिसला तो घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा एकाच दुकानातून. जूनमध्ये परत गेला तोच होता, नव्या रंगाचा.

तोवर काकूंचं एकच बोट चालत होतं. टाइप केलेलं मशीन वाचून दाखवायचं, कुणा परक्या बाईच्या आवाजात. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी बराच वेळ लावून काहीतरी टाइप केलं आणि टॅबलेट माझ्याकडे वळवला. ती बाई म्हणाली, "चहा मांडू का." बातम्या सांगतात तसं. काकूंनी माझं तोंड पाहिलं आणि पडदा बंद केला. पुढे त्यावर 'पाणी', 'कूस', 'दिवा' एवढंच लिहिलं जायचं. मग तेही थांबलं. होळीच्या आधी काकू गेल्या.

त्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर मी सगळ्यांकडे मागणी केली, कुणाकडे काकूंचा आवाज असेल तर पाठवा. फोटो पुष्कळ आले. काकू आवाजी निरोप कधी पाठवत नसत, गॅलरीतून हाक मारायच्या. फक्त एका व्हिडिओत मुलं कविता म्हणतायत आणि मागे काकू खोकतायत. तो मी काकांना पाठवला नाही.

एका संध्याकाळी मी वर गेलो तर दार लोटलेलं होतं. आतून ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "चहा मांडू का. चहा मांडू का." काका टॅबलेट मांडीवर घेऊन तिचा वेग कमी-जास्त करत होते.

"अशी नाही म्हणायची ती," ते म्हणाले. "शेवटी जरा वर जायची. तुम्हाला आठवतं?"

मला आठवत होतं. पण म्हणून दाखवता येईना. अजून येत नाही.

मे महिन्यात काकांची मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. टॅक्सी खाली उभी होती. काका फाइल घेऊन माझ्याकडे आले. "रेकॉर्ड तुमच्याकडे राहू द्या," ते म्हणाले. मी फाइल उघडली. वर काकांच्या टपोऱ्या अक्षरात 'गरज' असं लिहिलं होतं, त्यापुढे दोन टिंबं, आणि पुढे ओळ कोरी.

"ती ओळ मला लिहिता येईना," काका म्हणाले. "लिहिली असती तर ते खरं झालं असतं. बाकी सगळं भरलं मी. ती ओळ रोज उद्यावर टाकली. आणि तुम्ही थांबा म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं हो."

मी फाइलची पानं चाळू लागलो.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "टेक्निकल. तुमची काकू सांगत होती, तुमच्या फोनवरच करा ना रेकॉर्ड, कशाला मशीन पाहिजे. मी म्हणालो, फोनवरचं टिकत नाही, रीतसर करू. फोनवर झालं असतं का?"

झालं असतं. फेब्रुवारीतल्या कुठल्याही सकाळी, चहा पिता पिता झालं असतं. त्यांच्या खिशातल्या त्या जुन्या फोनवर झालं असतं. त्यांनी एप्रिलमध्ये हा एक प्रश्न विचारला असता, किंवा मी 'कोण वापरणार' हे दुसऱ्यांदा विचारलं असतं, तर पाच मिनिटांत सुरू झालं असतं.

"नाही, काका," मी म्हणालो. "फोनवर नीट आलं नसतं."

त्यांनी फाइलमधून तक्त्याचं शेवटचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. एप्रिलमधला माझा अभिप्राय होता तेच पान. खिशातलं पेन काढून त्यांनी टोपण उघडून दिलं.

"लिहून द्या," ते म्हणाले.

मी लिहिलं. 'फोनवर केलेले रेकॉर्डिंग उपयोगाचे नसते.' पहिल्या सहीखाली दुसरी सही केली. काकांनी ते दोनदा वाचलं, कागदाची नीट चौघडी केली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. खाली मुलगी टॅक्सीचं दार धरून उभी होती. ते बसले. जाताना त्यांनी हात केला, पण बोटं वर केली नाहीत.

वरचा फ्लॅट बंद आहे. फाइल माझ्या कपाटात आहे आणि तिच्यातली पहिली ओळ अजून कोरीच आहे. शेवटचं पान पुण्यात आहे. त्यांची मुलगी सांगते, रोज शर्ट बदलताना काका ते या खिशातून त्या खिशात ठेवतात, आणि त्यावर त्यांना थोडी झोप लागते. त्या पानावर दोन वाक्यं आहेत. दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्हींखाली माझी सही आहे.