टँकर न जाणारा पाडा

धसईच्या वरच्या ज्या पाड्यावर टँकर जात नाही, तिथे पाणी भरपूर आहे, असं मी आमदारसाहेबांना लिहून दिलं होतं.

माझा हिशेब सरळ होता. टंचाई असते तिथे टँकर जातो. टँकर जात नाही, म्हणजे टंचाई नाही. मी सापगावचा, नदी दाराशी. एम.ए. नुकतंच झालेलं. साहेबांच्या मुरबाडच्या कार्यालयात अधिवेशनाआधी टिपणं काढायचं काम मिळालं आणि मी स्वतःला संशोधक समजायला लागलो. विधान भवनाच्या ग्रंथालयात जाऊन जाडजूड अहवाल चाळायचे, तालुक्यातून टँकरच्या फेऱ्यांची माहिती आणायची आणि शेवटी निष्कर्ष लिहून त्याच्याखाली ठसठशीत रेघ मारायची. त्या अहवालांचा जुन्या डिंकाचा वास अजून नाकात आहे. आता हवं ते मोबाइलवर येतं, त्याला कसलाच वास नसतो.

साहेब आता राजकारण सोडून शेतावर असतात. तेव्हा त्यांची एक खोड होती. सभागृहात बोलायचं ते आधी धसईच्या बाजारात बोलून बघायचं. चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर बसून ते माझं टिपण मोठ्यांदा वाचत आणि भाजी विकायला बसलेल्यांची तोंडं निरखत. मला ते फार गावठी वाटे.

त्या दिवशी टंचाईचं टिपण निघालं. सभागृहात ते तसंच वाचलं गेलं असतं, तर पाडा टंचाई आराखड्यातून बाहेर पडला असता आणि उन्हाळाभर पाण्यासाठी तिकडे कुणी फिरकलं नसतं. पाड्याचं नाव ऐकून भेंडी विकणाऱ्या एका काकीने तराजू खाली ठेवला.

"कुनी लिवलं हे?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

"आमच्याकडं पानी हाय व्हय रे?"

"टँकर येत नाही ना काकी तुमच्याकडे," मी समजावणीच्या सुरात म्हणालो. "म्हणजे मग..."

"नाय येत. तू चल आज माझ्यासंगं. टँकरमदी बसूनच चल."

आसपासचे सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "जा," एवढंच म्हणाले.

डांबरी संपेपर्यंत जीपने गेलो. पुढे पायवाट. काकी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन पुढे, मी नव्या बुटांत घसरत मागे. अर्ध्या चढावर दोन खडकांमधून अंग चोरून निघताना माझ्या डोक्यात उजेड पडला. इथून माझं पोट जाईना, टँकर कुठून जाणार?

वर ओहोळाच्या कोरड्या पात्रात खड्डा खणून झिरा केलेला होता. काकीची सून त्यात उतरून वाटीने हंडा भरत होती. वाटी बुडेल इतकंही पाणी नव्हतं. ती तिरपी धरून पाझर गोळा करावा लागे.

"किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"भरंल तवा भरंल," ती वर न बघता म्हणाली.

मी तिथेच बसलो. हंडा भरेस्तोवर माझ्या पायांवरची सावली पलीकडच्या दगडावर गेली होती.

टिपण नव्याने लिहिलं. इतकं छोटं टिपण मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. साहेब सभागृहात तेच बोलले, सावलीसकट. पाडा आराखड्यात राहिला. डांबरी संपते तिथे टँकरसाठी टाकी आणि तिथून पंपाने वर पाइप, असं ठरलं.

पुढच्या बाजारादिवशी साहेबांनी काकीला ते सांगितलं. वर म्हणाले, "यानंच लिहून दिलं हो, काकी."

मी शर्ट सारखा करून उभा राहिलो.

काकी गिऱ्हाइकाची भेंडी तोलत होती. माझ्याकडे एकदा बघून म्हणाली, "सांगितलं आमी, दावलं आमी. मंग साहेब, याला तुमी पगार कशाचा देता?"