चाळीस दिवसांची पेटी

कापडात बांधलेला कागदांचा बस्ता कानाला लावून ऐकणारा माणूस तुम्ही पाहिला आहे? आमच्या तालुक्याच्या कचेरीतले रेकॉर्डकीपर ऐकत. डोळे मिटायचे, बोटाच्या पेराने बस्त्यावर टकटक करायचे आणि दुसरा हात वर करून आम्हा सगळ्यांना गप्प बसवायचे. मग म्हणायचे, "आतमंदी चालून राह्यली. शक आला का पेटीत!"

चालणारी ती वाळवी. आणि पेटी म्हणजे पत्र्याची मोठी पेटी, तळाशी कडुनिंबाचा पाला आणि वर डीडीटीचा थर. संशय आलेला बस्ता तिच्यात गेला की चाळीस दिवस बाहेर नाही. चाळीसच का, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. "काहून म्हंजे? तेवढे लागतेच," एवढंच उत्तर. ही सत्तर सालानंतरची गोष्ट. मी त्याच खोलीत नकलनवीस होतो, म्हणजे जुन्या कागदांच्या नकला उतरवून देणारा कारकून. आम्ही त्यांना तोंडावर भाऊसाहेब म्हणायचो आणि पाठीमागे वैद्यबुवा.

एकदा त्यांनी नायब तहसीलदार साहेबांच्या रजेच्या अर्जाची फाइलच पेटीत घातली. साहेबांच्या मेव्हणीचं लग्न लागलं, वरात गेली, रजा मात्र निंबाच्या पाल्यातच पडून राहिली. साहेब चिडले, आम्ही महिनाभर हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत.

त्यांचं कारण मला फार उशिरा कळलं. माझ्या आधीच्या काळात एका गावाचा आख्खा बस्ता वाळवीने खाल्ला होता. बाहेरून कापड धडधाकट, गाठ सोडली तर आत माती. एक म्हातारी आपल्या वाटणीचा कागद मागायला आली आणि संध्याकाळपर्यंत दारात उभी राहिली. "थ्या बाईले मी मातीची नक्कल देऊ का?" भाऊसाहेब मला म्हणाले होते. त्यानंतर मी त्यांना हसायचं सोडलं. ते सोडायला नको होतं, असं आता वाटतं.

कारण त्यानंतर सुखदेव आला. इंझोरीच्या बौद्धवाड्यातला शेतमजूर. त्याच्या बापाने ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची, दोन एकर पडीक जमीन फोडून ज्वारी पेरायला सुरुवात केली होती. तेव्हाच्या तलाठ्याने तसा पंचनामाही लिहून ठेवला होता. तो जुना कागद दाखवला तर जमीन सुखदेवच्या नावे होणार होती. नाही दाखवला तर कब्जा काढून घेणार होते. तहसीलदारांपुढची तारीख आठ दिवसांवर.

भाऊसाहेबांनी इंझोरीचा बस्ता सोडला. पानापानांत बारीक तांबूस भुकटी. त्यांचा चेहरा उतरला आणि बस्ता तडक पेटीत गेला.

मला जोरात शिंक आली. ती भुकटी मी ओळखली. तो जुना तलाठी डाव्या हाताने तपकीर ओढत उजव्या हाताने लिहायचा. त्याच्या हातचा एकही कागद तपकिरीवाचून नव्हता, आणि त्याच्याइतकं चोख दप्तर तालुक्यात कुणाचं नव्हतं.

"भाऊसाहेब, तपकीर आहे ती."

"तुले तपकीर दिसते," ते म्हणाले. "मले माती दिसते."

सुखदेव दोनदा आला. "सायेब, पेटी उघडून नुसतं दाखवा. मी हात नाई लावत."

"तुह्याच कागदासाठी बंद केली न बाबा. वाचला तं नक्कल भेटन."

हे ते अगदी कळवळून म्हणत. आडमुठा माणूस असता तर मी भांडलो तरी असतो.

तारखेच्या दिवशी सुखदेव सकाळपासून व्हरांड्यात बसून होता. पेटीला दोन किल्ल्या होत्या. दुसरी माझ्या टेबलाच्या खणात असे. आपण आजारी पडलो तर लागेल, म्हणून भाऊसाहेबांनीच विश्वासाने दिलेली. ते जेवायला गेले तेव्हा मी खण दोनदा उघडला आणि दोनदा लावला. मी भ्यालो, हे सरळच सांगतो. दुपारी पुकारा झाला, सुखदेव रिकाम्या हाताने आत गेला आणि तसाच बाहेर आला. पुढच्याच आठवड्यात कब्जा काढून घेतला आणि हुरड्यावर आलेल्या त्याच्या ज्वारीत गुरं सोडली.

चाळिसाव्या दिवशी भाऊसाहेबांनी पेटी उघडली. एकेक पान झटकलं. कुठे एक भोक नाही. चिमूटभर भुकटी नाकाशी नेली आणि त्यांना शिंक आली. खोलीत कुणीच हसलं नाही.

"चांगल्या कागदाले मी कोंडून ठेवलं," ते म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीने इंझोरीला गेले. सुखदेवने मला नंतर सांगितलं, "मायनं त्यायले पाणी देल्लं. त्यायनं तांब्या हातातच धरून ठेवला, पेले नाई. म्हने, मले साहेबासमोर नेऊन उभं कर."

तसं कुणी न्यायची गरज पडली नाही. त्यांनी स्वतःच चूक लिहून दिली. चौकशी झाली, ते निलंबित झाले आणि रिसोडला लेकीकडे निघून गेले. पुन्हा कचेरीत आले नाहीत. रिसोडला रोज गाड्या जात. मी एकदाही गेलो नाही.

सुखदेवचं अपील त्यांच्या जबाबावर उभं राहिलं आणि दोन पावसाळ्यांनंतर जमीन त्याला परत मिळाली. त्या जबाबाची नक्कल मागायला तो आला, तेव्हा ती मलाच उतरवायची होती. तो समोर उभा होता. मी लिहीत गेलो. कागद चांगला होता, संशय चुकीचा होता, अर्जदाराने दोनदा विनंती केली, मी नाकारली. शेवटच्या ओळीशी माझा टाक थांबला.

"पेटीची किल्ली एकच होती व ती सदैव माझेजवळ असे."

"काय झालं सायेब?" सुखदेवने विचारलं.

मी टाक दौतीत बुडवला. ती ओळ जशीच्या तशी उतरवली, खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारला आणि सही केली.