डॉ. खापरेबाई आणि टाकून दिलेल्या सहा प्लेटा

बाईंची आणि माझी ओळख माझ्या चुकीमुळे झाली, आणि ती चूक लहान नव्हती.

आमच्या जंतुशास्त्र विभागात रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. धंतोलीतल्या एका रुग्णालयात तान्ह्या बाळांना जुलाब लागले होते. एक बाळ दगावलेही होते. सहा बाळांच्या शौचाचे नमुने माझ्याकडे आले. पटकी नाही, आमांश नाही, नुसता ई. कोलाय. तो तर धडधाकट माणसाच्या आतड्यातही असतो! मी ऐटीत 'नेहमीचे जंतू' असा अहवाल लिहिला आणि ते जंतू वाढवलेल्या काचेच्या प्लेटा टाकाऊ डब्यात टाकल्या.

दुपारी विभागप्रमुख डॉ. वत्सलाबाई खापरे आल्या. त्यांनी अहवाल वाचला, पदर खोचला आणि डब्यातून प्लेटा स्वतः वेचून काढल्या.

"सहाही बाळांत हा एकच जंतू भरभरून, आणि तुम्हाला काही विचारावंसं वाटलं नाही?"

त्यांनी काचपट्टीवर जंतू घेऊन त्यात घातक ई. कोलाय ओळखणाऱ्या सीरमचा थेंब मिसळला. दूध नासावे तशा गुठळ्या माझ्या डोळ्यांदेखत झाल्या. सगळे ई. कोलाय सारखे नसतात, त्यांतली काही घराणी तान्ह्या बाळांचा जीव घेतात, हे मी पुस्तकात वाचले होते. पाहिले त्या दिवशी.

दुरुस्त अहवालावर बाईंनी 'चूक विभागाची' असे लिहून स्वतः सही केली आणि मला घेऊन त्या रुग्णालयात गेल्या. वॉर्डाच्या दाराबाहेर उमरेडकडची एक आई बसली होती. तिच्या घाणेरड्या हातांनी रोग आणला, असे ठरवून तिला लेकीपासून दूर ठेवले होते.

"बाई, माह्या हातानंच झालं काय जी? मले पोरीजवळ जाऊ देऊन नाही राह्यले."

बाईंनी तिच्या हातांचा नमुना घेतला, तसाच परिचारिकांच्या, माझ्या आणि स्वतःच्याही हातांचा. शिवाय दुधाच्या बाटल्या घासायच्या ब्रशाचा. उत्तर मिळताच दोन प्लेटा घेऊन त्या थेट त्या आईकडे गेल्या.

"हा तुमचा हात. यात तो जंतू नाही. तो त्या ब्रशात होता."

"मंग घेऊ मी तिले?"

"साबणानं हात धुवा आणि घ्या."

पोर आईच्या दुधावर आली आणि जगली.

मी राजीनामा लिहून नेला, तेव्हा बाईंनी तो उघडलासुद्धा नाही. "उद्याच्या प्लेटा कोण बघणार?" एवढेच म्हणाल्या. बाई तापट आहेत. विभागात त्यांची बोलणी न खाल्लेला माणूस सापडणार नाही. पण आमची चूक त्यांनी कधी दुसऱ्यापुढे मांडली नाही. एवढे मोठे मन मी दुसरीकडे पाहिले नाही.

आज बाई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांनी वाचवलेली बाळे आता संसाराला लागली असतील, आणि त्यांतल्या एकालाही बाईंचे नाव ठाऊक नाही. म्हणून त्या सगळ्यांच्या वतीनेही हे मागणे मीच मागतो.