अंजनगावच्या मामांना विचारायचं होतं

माझ्या बायकोला, लीलाला, जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा मी अकोल्याचं तिकीट काढलं. "एकदम वऱ्हाड कसं काय सुचलं?" मुलीनं, हन्नानं, बंगळूरहून फोनवर विचारलं. "थंडी चांगली आहे, फिरून येतो," म्हणालो. खरं कारण तिला सांगितलं नाही. लीलाचे शामुवेल मामा अंजनगाव सुर्जीला राहतात. चर्चचे निवृत्त पाळक. लीलाला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला त्यांनीच शिकवलं. त्यांना एक गोष्ट विचारायची होती, आणि ती फोनवर विचारता येण्यासारखी नव्हती.

पुण्याहून रात्रीची गाडी सकाळी अकोल्याला पोचवते. हाताशी वेळ असेल तर मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात एक चक्कर मारा. गल्ल्या अरुंद आहेत, रिक्षा बाहेरच सोडा. गरम आलुबोंडा आणि चहा एवढ्यावर दुपारपर्यंत निभतं.

अंजनगावला एसटी अकोटवरून जाते. कंडक्टर आला आणि मी सवयीनं म्हणालो, "एक फुल, एक हाफ." बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आम्ही असंच मागायचो.

"हाफवाल्या बाई कुठी हायेत?" त्यानं शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"एकच द्या," म्हणालो. त्यानं एकच तिकीट फाडून दिलं.

अकोटनंतर डावीकडची खिडकी धरा. काळ्या शेतांत कापूस फुटलेला असतो, आणि त्यामागे सातपुड्याची निळी रेघ गाडीबरोबर चालत राहते. फार सुंदर आहे. "ते बघ" म्हणायला कोणी नसलं, की फार वेळ बघवत नाही.

मामा दारातच उभे होते. मामी कधीच्या गेल्या. मंडळीतली बहुतेक घरं नोकऱ्यांसाठी अमरावती-नागपूरला गेली. रविवारी उपासनेला एक बाक भरला तरी खूप. त्यांनी स्वतः भाकरी थापली होती, वांग्याची भाजी केली होती.

"जावई, पोटभर जेवा," म्हणाले. "एकट्यासाठी रांधाचा लय कंटाळा येते. आज बरं वाटलं."

जेवण झाल्यावर मी सांगितलं. आजारपणाच्या शेवटच्या महिन्यात लीलानं उशाजवळचं शास्त्र माझ्या हातात दिलं होतं. "हे कपाटात ठेव," म्हणाली. "मला काहीच वाटत नाही आता. पलीकडे कोणी ऐकत नाही असं वाटतं." पुन्हा तिनं ते मागितलं नाही. हे मी कोणालाच बोललो नव्हतो, हन्नालाही नाही.

"मामा, अशी गेली ती. पुढे तिचं काय झालं असेल?"

मला हवं होतं, की त्यांनी म्हणावं, ती मनातल्या मनात प्रार्थना करत असेल.

"थे मले कसं माहीत असन?" मामा म्हणाले. "तुमाले बरं वाटावं म्हणून माह्या मनचं सांगू काय? जे लिहिलं नाही, थे मी सांगत नाही."

मला राग आला. "मग लिहिलंय ते तरी सांगा."

"हरवलेल्या मेंढराची गोष्ट तुमाले ठाऊक हाय. त्याच्यात मेंढरू काय करते? काईच नाही. हाकबी मारत नाही. मेंढपाळ शोधत जाते आन् खांद्यावर घेऊन येते." ते थांबले. "माहा पोरगा गेला तवा मलेबी काई वाटत नव्हतं. रविवारी उभा राहून वाचत होतो आन् घरी येऊन भिंतीकडं पाहत बसत होतो. मी बदललो होतो. देवाचं वचन तेच होतं. मंग हळूहळू मले पुन्हा ऐकू याले लागलं. त्यात माही काई कमाई नाही."

"तुम्हाला तेवढा वेळ मिळाला. लीलाला नाही मिळाला."

"नाही मिळाला," मामा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनीच तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. "पर तिनं पुस्तक मिटलं म्हणून देवाचा शब्द फिरला काय? तिच्या वाटण्यावर थो उभाच नव्हता, जावई. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. बाकी त्याच्या हातात."

आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत ओसरीवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दर्यापूरमार्गे अमरावती. तिथे गिला वडा जरूर खा, दही सढळ घालतात. परतीची गाडी बडनेऱ्याहून धरा. लांबच्या गाड्या तिथे जास्त मिळतात. रात्रभर वरच्या बर्थवर डोळे उघडे ठेवून मामांचं बोलणं आठवत होतो. त्यांनी खोटा दिलासा दिला असता, तर तो अकोल्यापर्यंतही टिकला नसता.

घरी पोचल्यावर हन्नाला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"बाबा, मला माहीत होतं," ती म्हणाली. "आई मलाही तसंच म्हणाली होती. तुम्हाला त्रास होईल म्हणून मी बोलले नाही."

वर्षभर आम्ही दोघं एकच ओझं दोन शहरांत वेगवेगळं वाहत होतो.

"आईच्या शास्त्रातलं वाचा ना काहीतरी," ती म्हणाली.

प्रवासानं घर भरत नाही, हेही लिहायला हवं. ते तसंच रिकामं आहे. पण मी कपाटातून लीलाचं शास्त्र काढलं आणि जिथे उघडलं तिथून वाचायला लागलो. मला आतून काहीच वाटलं नाही. तरी अध्याय संपेपर्यंत वाचत राहिलो, आणि शेवटी पलीकडून हन्नाचं "आमेन" ऐकू आलं.