मी काढलेली देवी

हे आजवर मी कोणाले सांगितलं नाही—बायकोलेबी नाही. आता तुले सांगून राह्यलो, तं मधात बोलू नको. एकदा थांबलो तं पुन्हा तोंडातून निघायचं नाही.

लोणारात मी पाट्या रंगवायचो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. अजूनही जुनी माणसं भेटली की म्हणतात, "काय देवी काढली होती बे या पेंटरनं!" अन् माह्या डोक्यात तिडीक जाते. काढली होती ना—तेच तं!

महाराष्ट्र नुकताच झाला होता. देवीची साथ काही नवी नव्हती. माह्या तोंडावरचे वण तुले दिसतातच. लहानपणी आल्या होत्या, वाचलो. तं एक दिवस सरकारी साहेब दुकानावर आला. बाजारात लावायले पत्र्याचं पोस्टर पाहिजे, म्हणे. देवीडॉक्टर सुई घेऊन आला की लोकं लेकरं लपवतात. वर वण पडलेलं तोंड काढा, खाली लिहा—'देवी टोचून घ्या'. अन् हसून म्हणाला, "नमुना कुठं शोधायची गरज नाही, आरशात पाहा."

बरोबरच होतं त्याचं. पण मले अशी झोंबली! शाळेत पोरं मले 'चाळणी' म्हणायची, या तोंडापायी सोयरिकी मोडल्या—अन् हेच तोंड मी भर बाजारात टांगू? काऊन? मी पत्र्यावर देवी काढली. गोरीपान, मोठ्या डोळ्यांची, गालावर एक ठिपका नाही. खालची ओळ तेवढी सांगितली तशी लिहिली. साहेब देवी काढायले आला होता—आपल्याकडे लस टोचण्यालेही तसंच म्हणतात ना—अन् मी देवी काढून बसलो! साहेब दौऱ्यावर होता. शिपायानं पत्रा नेला अन् सुलतानपूरच्या बाजारात ठोकला.

लोकांले वाचता कुठं येत होतं? त्यांनी चित्र पाहिलं, चपला काढल्या, हळदकुंकू लावलं. मी पाहायले गेलो तं समोर उदबत्ती. खरं सांगू? मले बरं वाटलं. माह्या चित्राले जन्मात कोणी हात जोडले नव्हते.

तिथंच गिरजाबाई भाजी घेऊन बसायची. तिची सुभद्रा टोपल्याजवळ खेळत होती, गोड तोंडाची पोर. गिरजाबाईनं मले विचारलं, "पेंटरभाऊ, उद्या देवीडॉक्टर येनार हाये म्हन्ते. पोरीले टोचून घेऊ, का हिच्यापुढं नारळ फोडला तं भागन?"

खालची ओळ मीच लिहिली होती ना? ती वाचून दाखवायची होती. नाही तं माह्या तोंडाकडे बोट करून 'बाई, नाही टोचलं तं हे होते' म्हणायचं होतं. एवढंच! त्याले काय पैसे पडत होते? पण आजूबाजूची माणसं कौतुकानं पाहून राह्यली होती, अन् त्यांचं लक्ष मले माह्या गालांकडे जाऊ द्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "श्रद्धा असली तं पावते, बाई."

तिनं नारळ फोडला.

साथ येऊन गेली. साहेबानं पत्रा उतरवला, माह्यावर ओरडला अन् शेवटी कपाळाले हात लावून म्हणाला, "अडाणी लोक, कोणी टोचूनच घेतलं नाही!" अन् मी—मी मान डोलावली. वर म्हणालो, "काय करता साहेब, त्यांले कळतच नाही."

नंतर एका बाजारी गिरजाबाई भेटली. पोर तिच्या पदराआड होती. तिनं पदर बाजूले केला. पोरीचा एक डोळा पांढरा पडला होता, अन् गाल—आता काय सांगू, माह्या तोंडावर तुले समोर दिसून राह्यले.

"देवी पावली, भाऊ," गिरजाबाई म्हणाली. "जीव वाचला पोरीचा. तोंड तेवढं तुमच्यासारकं झालं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. नवस फेडून आली होती. पोरीच्या हातानं तिनं खोबऱ्याचा तुकडा मले दिला. मी घेतला अन् तिथंच उभं राहून खाल्ला.