सुटलंस गो

लिहिणाऱ्यांच्या पंक्तीत बसण्याचा मला अधिकार नाही, याची जाणीव ठेवूनच हे लिहिते आहे. केसपेपरवरच्या नोंदींपलीकडे मी आयुष्यात काही लिहिले नाही, आणि जे सांगायचे आहे ते चारचौघांत बोलण्यासारखे मानले जात नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

देवगड तालुक्यातल्या एका लहान सरकारी रुग्णालयात मी बाळंतपणे करणारी परिचारिका होते. मूल बाहेर आले की बाईच्या कपाळावरून हात फिरवून म्हणायचे, "सुटलंस गो बाय," हा तिथला शिरस्ता. तो मला मोठ्या सिस्टरांनी शिकवला. शेजारच्या खोलीत गर्भपात होत. तिथे जायला दुसरे कोणी राजी नसे, म्हणून ती खोली त्यांच्याकडे आणि त्यांच्या हाताखाली माझ्याकडे आली. तिथेही सारे आटोपले की त्या तसाच हात फिरवीत आणि तोच शब्द म्हणत; तो ऐकून बायका रडत.

मी एकदा भीतभीत विचारले, "इथेही हेच म्हणायचं?"

"मगे? हीका वेगळो शब्द खंयसून आणू?" त्या म्हणाल्या. "हीपण सुटलीच मां?"

बाळंतपणाच्या खोलीत नारळ यायचे, खण यायचे, बर्फीचे पुडे यायचे. आमच्या खोलीतून बायका मागच्या दाराने जात. पुढे कुणकेश्वरच्या जत्रेत त्यांतली कोणी समोर आली, तर तिला अवघडायला नको म्हणून मीच नजर वळवीत असे. एकीची प्रकृती तोळामासा, एकीच्या पोटातले बाळ जगणारे नव्हते, एकीला आणखी मूल झेपणारे नव्हते. काम योग्य होते याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. तरीही मन दमत गेले. दमले आहे हे कळायलाही वेळ लागला.

ते प्रथम चुलीपाशी कळले. मासे साफ करताना पोटातली गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, हाताला लागली की बोटे थांबत. आमच्या घरी गाबोळी सर्वांना प्रिय. मी ती गुपचूप मांजरापुढे टाकू लागले.

"गाबोळी खंय गेली गो?" सासूबाईंनी विचारले.

"मांजराने नेली."

"आमचा मांजर बराच शिकलेला आसा! तुकडे ठेवता आणि गाबोळी तेवडी नेता."

सगळे हसले. मीही हसले, आणि परसात जाऊन उगीच भांडी घाशीत बसले.

नंतर खोलीतही माझा आवाज कोरडा होऊ लागला. हात कपाळावरून फिरे, शब्द तोंडातून निघे, पण मी त्यात नसे. बंदरावर मासे विकणारी एक बाई होती, तीन मुलांची आई. तिला मी असेच म्हटले, "सुटलंस गो बाय." तिने डोळे उघडले आणि माझा हात कपाळावरच धरून ठेवला.

"मी सुटलंय. तुमी कधी सुटतलात? तुमचो हात बगा केदो थंड पडलो हा."

मोठ्या सिस्टर पाठमोऱ्या उभ्या राहून हत्यारे धूत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या वळल्या मात्र नाहीत.

त्यानंतर मी काम बदलून मागितले. लसीकरण मिळाले. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तेव्हा बाकावर एक मुलगी आईचा पदर धरून बसली होती आणि मोठ्या सिस्टर आत तयारी करीत होत्या. मी दाराशीच उभी राहिले. त्यांनी हात पुसले, जवळ आल्या, माझ्या कपाळावरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "सुटलंस गो बाय."

त्या खोलीतल्या बायका हा शब्द ऐकून का रडत, ते मला तेव्हा समजले. मी भिंतीला टेकून रडले. त्यांनी मला रडू दिले, मग म्हणाल्या, "जा आता. ता पोर भियालाहा, तेका आत घेतंय." त्यांचा हातही थंड होता.

पुढे मी कडेवरच्या गुबगुबीत बाळांना सुया टोचत राहिले. घरी गाबोळी पुन्हा ताटात आली. मोठ्या सिस्टर मात्र निवृत्त होईपर्यंत त्या खोलीत एकट्याच होत्या. निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल, भाषणे सगळे झाले. मी मागच्या रांगेत बसले होते. उठून पुढे जाण्याचा धीर मला झाला नाही.

वाचकहो, "सुटलात" असे त्यांना कोणी म्हणायचे होते?